काकवीची सहाची गाडी

काकवीनं गोळी तिसऱ्यांदा थुंकली, ती थेट सुहासच्या चहाच्या कपात पडली.

"गेली!" सुहास ओरडला. "अगं काढ, काढ लवकर, विरघळेल!"

मी चमच्यानं गोळी बाहेर काढली आणि ओढणीला पुसली. काकवी तोवर ओट्याखाली जाऊन बसली होती. ज्या अंड्यात गोळी लपवली होती ते अंडं तिनं चाटूनपुसून खाल्लं होतं. त्याआधी भाकरीच्या घासात लपवली होती, तेव्हा भाकरी पोटात आणि गोळी फरशीवर. तांदूळ निवडणाऱ्या बाईच्या हाताला खडा लागतो तशी तिच्या जिभेला ती गोळी बरोबर लागायची.

काकवी ही आमची कुत्री. माझा नवरा सुहास साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला. एका हंगामात कारखान्याच्या आवारात सापडलेलं पिल्लू तो टिफिनच्या पिशवीत घालून घरी घेऊन आला. रंग अगदी ताज्या काकवीचा, म्हणून नावही तेच ठेवलं. आमच्या कराडच्या घराला पुढं अंगण आणि मागं पेरूचं झाड असलेलं परस, त्यामुळं तिला मोकळं रान मिळालं. दिवसभर घरात मी आणि ती. मी तिच्याशी बोलायचे आणि ती ऐकून घ्यायची, जे घरातलं दुसरं कुणी करत नव्हतं.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता तिचं खाणं कमी झालं. हिरड्या पांढऱ्या पडल्या आणि एका सकाळी तिच्या नाकातून रक्त आलं. जनावरांचे डॉक्टर नदाफ यांनी रक्त तपासलं आणि गोचीड ताप सांगितला.

"रक्तातल्या प्लेटलेट पार खाली गेल्यात," ते म्हणाले. "जवळजवळ महिनाभर रोज एक गोळी. पोटात काहीतरी असताना द्यायची. चुकवायची नाही. चुकलात तर पुढं माझ्याही हातात काही राहणार नाही, बाई."

मी काकवीला उचलून रिक्षात बसले. बाकीचं पथ्यपाणी ऐकायला सुहास मागं थांबला. थांबला म्हणजे एक कान डॉक्टरांकडे आणि दुसरा कारखान्यातून आलेल्या फोनकडे.

आणि आता ती जीव वाचवणारी गोळी चहात पोहून आली होती.

"असं न्हाई जमायचं," आरामखुर्चीतून आवाज आला.

ते तात्या, माझे सासरे. सगळी हयात एसटीत वाहतूक नियंत्रक. भोंग्यावरून गाड्या पुकारून पुकारून आवाज असा झाला होता की घरात "पाणी दे" म्हणाले तरी शेजारची बाई तांब्या घेऊन यायची. निवृत्त झाले तरी घराला ते बसस्थानकच समजत. जेवायला उशीर झाला की "जेवणाची गाडी किती लेट हाय?" असं विचारत. काकवीशी त्यांचा उभा दावा. तिनं त्यांच्या नव्या कोल्हापुरी जोडीतली एकच चप्पल फस्त केली होती. दोन्ही खाल्ल्या असत्या तर एवढा राग आला नसता. तेव्हापासून ते तिला नावानं हाक मारत नसत. "ते जनावर" म्हणत.

"मग कसं जमेल, तात्या?" मी विचारलं.

तात्यांनी पेपरची घडी घातली. चष्मा काढला. घसा खाकरला.

"पेढ्यात घाला."

त्या शब्दाला आमच्या घरात बंदी होती. नवरा साखर कारखान्यात, सासऱ्याला साखर आणि साखरेच्या डब्याला कुलूप, असं आमचं घर. त्या डब्याची किल्ली माझ्या गळ्यातल्या साखळीत असायची. पेढा, बर्फी, जिलबी यांना आमच्या उंबऱ्याच्या आत कित्येक वर्षं प्रवेश नव्हता. कुणी बारशाचे पेढे आणून दिले तर ते मी दारातूनच पुढच्या घरी पाठवायचे. त्यापायी तात्या मला पाठीमागं "चेकपोस्ट" म्हणत, हे मला ठाऊक होतं.

"पेढा?" सुहास म्हणाला. "तात्या, तुम्हाला साखर आहे."

"मला कुठं द्या म्हणतोय? त्या जनावराला द्या. पेढा चिकट असतो. गोळी आत दडली की सुटत न्हाई." मग थोडं थांबून म्हणाले, "तुम्हा दोघांच्यानं हुणार न्हाई ते. मी देत जाईन. संध्याकाळी सहाची ड्युटी माझी."

सुहासचा चेहरा असा पाघळला की काही विचारू नका. रात्री मला म्हणाला, "बघ, शेवटी माया फुटली. चप्पल विसरले तात्या."

मलाही बरं वाटलं. दुसऱ्याच दिवशी पेढ्यांचा पुडा आला. डबा मी फ्रीजमध्ये वर ठेवला आणि संध्याकाळी सहाला एक पेढा, एक गोळी तात्यांच्या हातावर ठेवली. जेवण झालेल्या काकवीला घेऊन ते परसात गेले आणि मागचं दार ओढून घेतलं.

"दार कशाला, तात्या?"

"पेशंटला गर्दी चालत न्हाई."

थोड्या वेळानं दोघं परत आली. तात्यांची ओंजळ रिकामी, काकवी जिभल्या चाटतेय.

"काकवीची सहाची गाडी सुटली!" तात्यांनी पुकारा केला. त्यांच्या तोंडून तिचं नाव मी पहिल्यांदाच ऐकत होते.

रोज हेच. गाडी एकदाही लेट नाही की रद्द नाही. चारच दिवसांत तात्यांनी तक्रार केली की हलवाई पेढे फार लहान करायला लागलाय, गोळी बाहेरून दिसते, आणि काकवी काही खुळी नाही. तेव्हा दोन पेढे लागतील. मी दोन द्यायला लागले. त्याच सुमारास आणखी एक नवल घडलं. तात्यांची स्वतःची संध्याकाळची गोळी मी वाटीत ठेवायचे, ती वाटी काही न बोलता रिकामी व्हायला लागली. एरवी ती गोळी म्हणजे घरातलं महायुद्ध. एकदा मोगऱ्याची कुंडी बदलताना मातीतून पांढऱ्या गोळ्या निघाल्या होत्या. मी काही बोलले नव्हते. मोगरा मात्र त्या वर्षी छान फुलला होता.

काकवी हळूहळू पोटभर खायला लागली. मी मनातल्या मनात तात्यांना नमस्कार करत होते. तेवढ्यात त्यांच्या रक्ततपासणीचा दिवस आला.

आमच्या माणसांच्या डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला आणि मला एकटीला आत बोलावलं. "घरात काही कार्य होतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग यांची साखर एवढी कशी चढली? हे गोड खातायत. रोज खातायत."

मी तिथंच खुर्चीत बसले. पेढा कुठं जात होता ते क्षणात कळलं. मांजर डोळे मिटून दूध पीत होतं आणि दुधाचं भांडं मीच रोज सहाला त्याच्यापुढं ठेवत होते. तात्यांचा राग आला, पण तो राग फार वेळ टिकला नाही, कारण लगेच दुसरा विचार आला. पेढा तात्यांच्या पोटात असेल, तर गोळी कुठं होती?

घरी येऊन मी सुहासला सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग त्याचाही चेहरा उतरला.

"म्हणजे काकवीला औषध मिळालंच नाही?"

"मोगऱ्याची कुंडी आठवते ना?"

दोघं परसात गेलो. तात्या आत झोपले होते. सुहासनं पेरूच्या मुळाशी खुरप्यानं उकरलं, मी कुंड्या हलवल्या. गांडुळं निघाली, काकवीनं पुरलेली तात्यांची अर्धी चप्पल निघाली. गोळी एकही नाही.

"मग त्यांनीच खाल्ल्या असतील," सुहास कपाळ पुसत म्हणाला. "पेढ्यासकट. घाईघाईत."

"कुत्रीच्या गोळ्या?"

"आता तात्यांना गोचीड ताप कधी येणार नाही, एवढं नक्की."

"हसू नकोस. जा, विचार त्यांना."

"मी? बापाला विचारू, तुम्ही कुत्रीचं औषध खाल्लं का? तूच विचार. तुझं ऐकतात."

"वडील तुझे आहेत!"

मांजराच्या गळ्यात घंटा कुणी बांधायची, यावर आमची चांगली जुंपली. खरं सांगायचं तर दोघांनाही धीर नव्हता. ज्या माणसाच्या शिट्टीवर अख्खं स्थानक हलायचं, त्याला पेढाचोर म्हणायचं कसं? आणि तात्या दुखावले तर दिवसचे दिवस बोलत नसत. पण मला त्याहून भीती वाटत होती ती काकवीची. ती पायाशी येऊन पडली, शेपूट हलवली, आणि ती बरी होतेय असं जे मला इतके दिवस वाटत होतं ते सगळं खोटं असेल या कल्पनेनं मला रडू फुटलं. तात्यांचंही काही होऊ नये, हिचंही काही होऊ नये, आणि दोघांचा जीव त्या एकाच पुड्यात अडकलेला.

दुसऱ्या दिवशी काकवीला डॉक्टर नदाफांकडे न्यायचं ठरलं. तात्याही धोतर सावरून, टोपी घालून रिक्षात येऊन बसले.

"तुम्ही कशाला दगदग करता?" सुहास म्हणाला.

"गाडीबरोबर कंट्रोलर नको व्हय?"

डॉक्टरांनी रक्त घेतलं आणि आम्ही बाकावर बसलो. मी काकवीचा ओठ वर करून पुनःपुन्हा हिरड्या बघत होते. तात्या भिंतीवरचं गाईंच्या जातींचं चित्र बघत होते. शेवटी डॉक्टर कागद घेऊन बाहेर आले.

"वा!" ते म्हणाले. "प्लेटलेट झकास चढल्यात. औषध कोण देतं हिला?"

"मी," तात्या म्हणाले.

"शाब्बास, आजोबा. एकही गोळी चुकलेली दिसत नाही."

"म्हणजे गोळी हिच्याच पोटात जाते?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"मग कुणाच्या जाणार?"

सुहासला जोराचा ठसका लागला.

"नाही, म्हणजे," मी सावरून घेतलं, "आम्ही पेढ्यातून देतो ना."

डॉक्टरांचा हात थांबला. "पेढ्यातून? अहो, या गोळीबरोबर दुधाचं काही द्यायचं नाही. गोळी नीट लागू पडत नाही. साहेब, तुम्हाला मी त्या दिवशी दारातच सांगितलं होतं!"

मी सुहासकडे पाहिलं. सुहासनं जमिनीकडे पाहिलं. तात्या खिल्लार गाईत पार बुडून गेले होते.

"पण एक कळत नाही," डॉक्टर कागद पुन्हा वाचत म्हणाले. "रोज पेढ्यातून दिली असती, तर रिपोर्ट इतका चांगला यायला नको होता."

काकवी उठली, तात्यांच्या पायावर हनुवटी टेकून बसली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हिनं पेढा कधी खाल्लाच नव्हता. गोळी मात्र रोज खाल्ली होती. हिला पेढ्याची गरजच नव्हती, निदान तात्यांच्या हातून तरी नाही. आणि तात्यांना हे पहिल्याच दिवशी कळलं असणार.

सुहासला मी त्या दोघांना घेऊन बाहेर पाठवलं आणि डॉक्टरांना तात्यांच्या साखरेची सगळी हकिगत सांगितली. डॉक्टर इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"चालायला जातात का?" त्यांनी विचारलं.

"छे! डॉक्टर सांगून सांगून थकले. म्हणतात, जन्मभर फलाटावर उभा राहिलो, आता पायांना रजा."

त्यांनी तात्यांना परत आत बोलावलं. चेहरा अगदी गंभीर केला.

"आजोबा, पेशंटचा ताप हटला, पण अंगात ताकद नाही. रोज संध्याकाळी हिला चालवायचं. पार नदीकाठी प्रीतिसंगमापर्यंत न्यायचं आणि परत आणायचं. ज्याच्या हातची गोळी घेते त्यानंच न्यायचं, दुसऱ्याबरोबर ती जायची नाही."

"रोज?"

"रोज. खाडा केलात तर पुन्हा उलटेल."

तात्या जरा घोटाळले. मग इकडंतिकडं बघत, अगदी सहज विचारल्यासारखं म्हणाले, "आणि पेढा? बंद म्हणायचा?"

"गोळीबरोबर बंद." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "फिरून आल्यावर एखादा चालेल. बक्षीस म्हणून. पण बाई घरी करतील तोच. बाजारचा नको."

त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या जाळीशी उभी राहिले. चोरून बघू नये, हे मलाही कळतं. पण राहवलं नाही.

तात्या पेरूखालच्या दगडावर बसले होते. काकवी समोर. आधी त्यांनी तिला भाकरीचे चार घास दिले. मग नुसती गोळी हातात घेतली.

"काकवे, उघड." तिनं तोंड उघडलं. मी बघतच राहिले. तात्यांनी गोळी पार आत, जिभेच्या मुळाशी ठेवली, तोंड मिटून धरलं आणि गळ्यावरून हात फिरवला. "टोकावर ठेवली की थुंकता येती. पाठीमागं ढकलली की संपलं. मला सांगू नकोस, मी या धंद्यातला जुना हाय." तिनं गिळलं. त्यांनी वाटीतलं पाणी पुढं केलं.

मग खिशातून त्यांनी स्वतःची गोळी काढली. हातावर ठेवून तिला दाखवली.

"आता माझी पाळी. कडू हाय, पण तू घेतलीस न्हवं? मग मला न्हाई म्हणून चालंल व्हय?" डोळे मिटून त्यांनी ती टाकली, तांब्यातल्या पाण्याचा घोट घेतला आणि तिच्यासमोर आऽ करून रिकामी जीभ दाखवली. काकवीनं नीट तपासल्यासारखं पाहिलं. "झालं. दोघांची गाडी सुटली."

माझे डोळे भरून आले. इतकी वर्षं मी त्या एका गोळीसाठी धाक घातला, अबोला धरला, कुलपं लावली. ज्या माणसावर साऱ्या स्थानकाची जबाबदारी होती, त्याच्या हाती आम्ही घरात फक्त पेपर ठेवला होता. काकवीनं त्याला ड्युटी दिली, एवढंच.

मी कुणाला काही बोलले नाही. सुहासलाही नाही. नुसता खवा भाजला, वेलदोडा घातला, जायफळ किसलं. साखरेचा कण नाही. सुबक पेढे वळून डब्यात भरले आणि वर चिठ्ठीबिठ्ठी काही न लावता सांगून टाकलं, "हे काकवीचे."

तात्या रोज काकवीला घेऊन निघायचे. पहिले काही दिवस कोपऱ्यापर्यंत जाऊन धापा टाकत परत. मग बाजारपेठेपर्यंत. मग खरंच प्रीतिसंगमापर्यंत. माणसांच्या डॉक्टरांना जे वर्षानुवर्षं जमलं नव्हतं ते जनावरांच्या डॉक्टरांनी एका वाक्यात करून दाखवलं. परत आल्यावर पेढा घेऊन दोघं पेरूमागं जात आणि थोड्या वेळानं येत. काकवी जिभल्या चाटायची, पण आता मला माहीत होतं की ती पाण्याची सवय आहे.

काकवीच्या गोळ्या संपल्या, तरी फिरणं थांबलं नाही. पुढच्या तपासणीत तात्यांची साखर इतकी उतरली की डॉक्टरांनी मला विचारलं, "काय केलंत?" मी म्हटलं, "कुत्री पाळली."

त्याच संध्याकाळी तात्या परसातून आले आणि ओट्याशी रेंगाळले. मी भाकरी थापत होते.

"उज्ज्वला."

"काय, तात्या?"

"ही काकवी म्हणते, हल्ली पेढ्यात गोडी न्हाई."

मी भाकरी तव्यावर टाकली. हसू दाबायला वेळ हवा होता. "तिला म्हणावं, पेशंटला गोड चालत नाही."

"कुठल्या पेशंटला?"

"तिला ठाऊक आहे."

मला वाटलं, बोलले ते जास्त झालं, आता आठवडाभराचा अबोला. मी वळून पाहिलं तर ते काकवीच्या कानामागं खाजवत होते.

"सांगतो तिला," ते म्हणाले. "तशी ती समजूतदार हाय. तिला हेही ठाऊक हाय म्हणे, की जाळीमागं रोज कोण उभं असतं. पण म्हणाली, ऱ्हाऊ द्या तात्या, चेकपोस्ट हाय, त्यांची ड्युटी हाय."

माझ्या हातातलं पीठ हातातच राहिलं. तात्यांनी हातातला पेढा मधोमध मोडला. अर्धा माझ्या पिठाच्या हातावर ठेवला, अर्धा आपल्या तोंडात टाकला.

मीही खाल्ला. काकवीचं खरं होतं. गोडी अजिबात नव्हती. तरी पुढं तात्या होते तोवर रोज संध्याकाळी आम्ही दोघं पेरूखाली बसून तोच अर्धा अर्धा पेढा खात होतो, आणि काकवी पहारा देत होती.